लिहायला वेळ कुठला?

सिंदखेडराजा तालुक्यातल्या साखरखेर्ड्याला रात्रीची जेवणे आटोपल्यावर कोनाड्यातली वही काढून बसणारा एखादा माणूस माझ्या डोळ्यांसमोर आहे. तो शाळेत मास्तर असेल, नाही तर दिवसभर वावरात राबलेला असेल. वहीची चार पाने भरलेली आहेत आणि पाचवे पान गेल्या दिवाळीपासून कोरे आहे. विचारले तर म्हणतो, "वेळच मिळत नाही हो!" आज बोलायचे ते त्याच्याशी.

त्याचे म्हणणे खोटे नाही. मिरगाआधी बियाण्याची ओढाताण, मग पेरणी, निंदण, डवरण. सोयाबीन सोंगून होते न होते तोच कापूस वेचणीला येतो. शिक्षकांना परीक्षा आहेत, पेपर आहेत, वर नाना तऱ्हेचे तक्ते भरायचे आहेत. पण लेखनावर घर चालवणारे लेखक मराठीत बोटांवर मोजण्याइतकेच. बाकीच्यांनी पोटाचा उद्योग सांभाळूनच लिहिले.

आपल्याच मुलखातले ना. घ. देशपांडे घ्या. जन्म १९०९ सालचा, सेंदुरजनचा. मेहकरला त्यांनी वकिली केली. त्यांची 'शीळ' ही कविता जी. एन. जोशी यांनी गायिली आणि तिची ध्वनिमुद्रिका खूप गाजली. तरी 'शीळ' हा पहिला संग्रह निघाला तो १९५४ साली, म्हणजे कवीच्या पंचेचाळिशीत. पुढे १९६३ साली 'अभिसार', आणि त्यानंतर थेट १९८५ साली 'खूणगाठी'. मध्ये बावीस वर्षे! त्या 'खूणगाठी'ला १९८६ सालचे साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. मुंबई-पुण्याला गेल्याशिवाय लेखक होता येत नाही असे म्हणणाऱ्याने मेहकरचा रस्ता एकदा आठवावा.

तुम्ही म्हणाल, कविता आपल्या पायाने येते. तिची वाट पाहता येते. असेल तसे. पण गोष्ट, लेख, कादंबरी ही बैठकीची कामे आहेत. अँथनी ट्रोलोप नावाचा इंग्रज कादंबरीकार टपालखात्यात नोकरीला होता. पहाटे साडेपाचला तो टेबलाशी बसे, घड्याळ समोर ठेवी आणि दर पाव तासाला २५० शब्द लिही. अशा ४७ कादंबऱ्या झाल्या. त्याच्या मृत्यूनंतर १८८३ साली आत्मचरित्र छापले गेले आणि त्यातला हा हिशेब वाचून पुष्कळांनी नाके मुरडली. गंमत अशी, की पहाटे उठवायला त्याने नोकर ठेवला होता आणि त्याला वर्षाला पाच पौंड जादा देत असे. तुमच्याकडे नोकर नसेल. पण म्हशीची धार काढायला घरात कोणी तरी उठतेच ना? तिला हाक मारायला सांगा.

आणि त्या बाईलाच लिहायचे असेल तर? बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे 'स्त्री-पुरुष तुलना' १८८२ साली छापले गेले, हे विसरू नका. घरच्या बाईचा अर्धा तास तिने एकटीने काढायचा म्हटला तर निघणार नाही. तेवढा वेळ चूल दुसऱ्याने सांभाळावी लागेल, आणि कुरकुर न करता.

अर्धा तास म्हणतो तो जाणूनबुजून. पहिल्या दिवशी तीन तास बसणारा चौथ्या दिवशी उठत नाही. रोज वहीचे एक पान धरा. दीडशे शब्द झाले तरी आठवड्यात हजार होतात, आणि आकाशवाणीवरचे आठ-दहा मिनिटांचे भाषण एवढ्यातच बसते. पेरणीच्या दिवसांत सुट्टी घ्यायची असेल तर खुशाल घ्या. मात्र ती आधी ठरवून घ्या आणि परत बसायची तारीख वहीत लिहून ठेवा. न ठरवलेली सुट्टी दिवाळीपर्यंत लांबते.

उठताना पुढचे वाक्य सुचलेले असतानाच उठावे. दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानाशी झटापट करावी लागत नाही. लिहिलेले त्याच रात्री खोडत बसू नका. चार दिवसांनी कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा. जिथे तुमचीच जीभ अडखळते तिथे वाक्य बिघडले आहे असे समजा.

विषय कुठून आणायचा, असे शाळेतली मुले नेहमी विचारतात. अहो, १७२४ साली निजाम-उल-मुल्क आणि मुबारिजखान यांची लढाई याच साखरखेर्ड्याला झाली! मुबारिजखान तिच्यात मारला गेला आणि निजामाचा दक्षिणेत जम बसला. इतिहासाच्या पुस्तकात तिला दोन ओळी मिळतात. गावातले म्हातारे काय सांगतात ते कुणी लिहून घेतले आहे का? मास्तरांनी मुलांना वही देऊन पाराशी पाठवावे. ऐकीव काय आणि पुस्तकातले काय, हे मात्र वेगवेगळ्या पानांवर ठेवावे.

लेख पुरा झाला की मासिकाला पाठवा. पण एक प्रत घरी ठेवल्याशिवाय नको. वहीच्या शेवटच्या पानावर कुठे पाठवला आणि केव्हा, ते टिपून ठेवा. उत्तर यायला महिने लागतात, कधी येतही नाही. तोवर दुसऱ्या लेखाची दहा पाने झालेली असावीत.