शोभेच्या दारूचा परवाना आणि पुट्टिंगलचा नकार

दिवाळीत घराच्या अंगणात भुईनळे उडविणाऱ्या गृहस्थास कोणत्याही कचेरीत अर्ज करावा लागत नाही. वेळेचे व आवाजाचे निर्बंध पाळले म्हणजे पुरे. जत्रेत किंवा देवस्थानच्या उत्सवात जाहीर दारूकाम करावयाचे झाल्यास मात्र १८८४ चा स्फोटक पदार्थांचा कायदा व त्याखालील २००८ चे नियम परवाना आवश्यक मानतात. हा परवाना म्हणजे अर्जावर शिक्का उमटविण्याचा उपचार होय, असा समज रूढ आहे. वस्तुतः तो एका चौकशीचा निष्कर्ष असतो, आणि तो निष्कर्ष प्रतिकूलही असू शकतो.

अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे जातो व त्यावर पोलिस, अग्निशमन आणि महसूल या खात्यांचे अहवाल मागविले जातात. माल कोणता व किती, तो उडविणारा कारागीर कोण, हे प्रश्न त्यांत येतातच. परंतु चौकशीचा खरा गाभा जागेचा नकाशा हा होय. साठ्याची खोली, दारू उडविण्याचे मैदान आणि प्रेक्षकांची जागा या तिन्हींमध्ये पुरेसे अंतर आहे किंवा नाही, हे त्यावरून ठरते. आकाशात फुटणारा एक गोळा क्षणार्धात संपतो; चुकून खाली आला तरी त्याचे सामर्थ्य मर्यादित असते. साठ्यास ठिणगी लागली तर मात्र सर्व मालाची ऊर्जा एकदम मोकळी होते, आणि ज्या भिंती संरक्षणासाठी बांधल्या त्यांचेच तुकडे घातक ठरतात. शोभेची दारू बनविण्याचा परवाना देण्याचा जिल्हादंडाधिकाऱ्यांचा अधिकार एका वेळी १५ किलोग्रॅमपुरताच ठेवलेला आहे, तो याच कारणास्तव. पोटॅशियम क्लोरेट व गंधक यांच्या मिश्रणावर १९९२ साली बंदी आली तीही अकारण नव्हे. हे मिश्रण नुसत्या घर्षणानेही पेट घेऊ शकते.

नियम इतके स्पष्ट असता दुर्घटना कशी घडते, याचे उत्तर केरळातील कोल्लम जिल्ह्यात सापडते. परवूर येथील पुट्टिंगल देवीच्या मंदिरात भरणी उत्सवाच्या रात्री दोन पक्षांत दारूकामाची चढाओढ लागत असे. शेजारच्या वस्तीतून याविरुद्ध तक्रार झालेली होती. २०१६ साली जिल्हा प्रशासनाने प्रतिकूल अहवालांच्या आधारे या स्पर्धेस लेखी नकार दिला. नकाराचा हुकूम ८ एप्रिलचा आहे. १० एप्रिलच्या पहाटे साडेतीनच्या सुमारास, स्पर्धा रंगात आली असता, ठिणगी साठ्याच्या काँक्रीटच्या खोलीपर्यंत पोहोचली. शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि तीनशेहून अधिक जखमी झाली.

येथे चौकशी फसली असे म्हणता येणार नाही. नकार देणाऱ्यांनी धोका ओळखला होता. दोष आहे तो त्यापुढील टप्प्यात. परवाना मिळाला तर त्यातील अटी पाळल्या जात आहेत की नाहीत हे तपासण्याची काही सोय तरी असते. नकारानंतर मात्र कागदोपत्री प्रकरण संपते, आणि उत्सव तर संपलेला नसतो. माल आलेला असतो, कारागीर ठरलेले असतात, गावोगावची माणसे वाटेला लागलेली असतात. उत्सवाच्या तोंडावर आलेला हुकूम अशा वेळी अंमलात आणावयाचा तो पोलिसांनी. हुकूम काढणारी यंत्रणा एक व मैदानावर उभी राहणारी दुसरी, ही फट पुट्टिंगलला उघडी पडली. पुढे उभय यंत्रणांनी परस्परांकडे बोट दाखविले, हे त्या मानाने किरकोळ. वेळेचा मुद्दाही दुर्लक्षिण्याजोगा नाही. आवाजाचे फटाके रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत वाजवू नयेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००५ सालीच दिला होता.

दुर्घटनेनंतर दोनच दिवसांनी केरळ उच्च न्यायालयाने सूर्यास्त ते सूर्योदय या काळात आवाजी दारूकामास अंतरिम मनाई केली. न्यायिक चौकशी आयोग नेमण्यात आला. स्फोटकांच्या सुरक्षिततेवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय नागपुरास आहे. अंतरे व साठा यांविषयीचे तांत्रिक नियम तेथून राबविले जातात आणि २०२४ साली त्यांत आणखी कडक दुरुस्त्या झाल्या, ज्यांस केरळातील देवस्थानांनी विरोध केला. उत्सवाच्या किती दिवस आधी नकार कळविला म्हणजे तो अंमलात आणता येईल, हा प्रश्न मात्र अंतराच्या मोजपट्टीने सुटणारा नाही. तो जिल्ह्याच्या कचेरीतच सोडवावा लागतो.