४२ च्या पुढे काय, भो?

हाफ झाली, फुल झाली, डीपीसुद्धा बदलून झाला. आता अल्ट्रा खुणावतेय? खान्देशातल्या रनर्सनी फॉर्म भरण्याआधी मेडलचा फोटो बाजूला ठेवून भिंतीवरचं कॅलेंडर बघावं!

जळगावहून धुळ्याची एसटी पकडा. पाळधी, एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे... खिडकीशी एक डुलकी होते, मान अवघडते, आणि दोन-अडीच तासांनी धुळ्याचं स्टँड येतं. अंतर साधारण नव्वद किलोमीटर. आता विचार करा, हेच अंतर पळत कापायचंय. तेही बारा तासांच्या आत!

वेडेपणा वाटतोय ना? दक्षिण आफ्रिकेत हा वेडेपणा १९२१ पासून चालू आहे. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या विक क्लॅपहॅम यांनी युद्धात गेलेल्या सोबत्यांच्या आठवणीसाठी डर्बन आणि पीटरमारित्झबर्ग या दोन शहरांदरम्यान शर्यत सुरू केली. नाव, कॉम्रेड्स मॅरेथॉन. पहिल्या वर्षी ३४ जण पळाले, त्यातले १६ पोहोचले. आज तिथे हजारो लोक धावतात आणि परदेशी धावपटूंमध्ये भारतीयांचा घोळकाही चांगलाच मोठा असतो. अंतर जळगाव-धुळ्याइतकंच, पण रस्ता आपल्यासारखा सपाट नाही. एक वर्ष चढाचं, एक वर्ष उताराचं. बारा तास पूर्ण होताच धावपटूंकडे पाठ करून उभा असलेला अधिकारी बंदूक झाडतो. रेषेपासून दोन पावलांवर असलात तरी खेळ खल्लास. मेडल नाही, काही नाही.

४२.१९५ किलोमीटरच्या पुढचं काहीही म्हणजे अल्ट्रा. ५० किलोमीटर, १०० किलोमीटर, १०० मैल, किंवा '१२ तासांत जमेल तेवढं'. काही रस्त्यावरच्या, काही डोंगरातल्या पायवाटांवरच्या, ज्यांना ट्रेल म्हणतात. जळगाव रनर्स ग्रुपच्या 'खान्देश रन'सारख्या इव्हेंटमुळे आपल्याकडे पळण्याची क्रेझ चांगलीच रुजलीय. मेहरूण तलावावर पहाटे जा, नुसती गर्दी! पण हाफ आणि फुल उरकल्यावर व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच प्रश्न फिरायला लागतो : नेक्स्ट काय? मग कुणीतरी लेहचा फोटो टाकतो, कुणी आफ्रिकेचा. दहा अंगठे वर होतात आणि रात्री अकरा वाजता क्रेडिट कार्ड बाहेर निघतं.

थांबा जरा!

कॅलेंडर उलटं वाचा

अल्ट्राची खरी लढाई रेसच्या दिवशी होत नाही. ती होते आधीच्या आठ-दहा आठवड्यांत, जेव्हा ट्रेनिंगचं मायलेज सगळ्यात जास्त असतं. पुणे-बंगळूरच्या मंडळींना हे आठवडे वर्षात कधीही आले तरी चालतं. आपल्याला नाही चालत, बॉस! एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ च्या घरात असतो. म्हणून रेसची तारीख बघायची, तिथून दहा आठवडे मागे यायचं आणि स्वतःला विचारायचं, तेव्हा आपल्याकडे हवा कशी असेल?

हा हिशेब कॉम्रेड्सला लावून बघा. ती साधारण जूनमध्ये असते. म्हणजे तुमचे ४०-५० किलोमीटरचे लाँग रन बरोब्बर एप्रिल-मेमध्ये. शिवाय प्रवेशासाठी आधी एक फुल मॅरेथॉन चार तास पन्नास मिनिटांच्या आत लागते, तीही नेमून दिलेल्या मुदतीतली. जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन त्यासाठी बरी पडते, पण पुढचे चार महिने? पहाटे तीनला बाहेर पडायचं, आठच्या आत घरात. ऑफिसात दहा वाजता डोळे मिटत असतील तर एचआरला कॉम्रेड्सची गोष्ट सांगून काही उपयोग नाही. जमत नाही असं नाही. पण खान्देशात राहून पहिली अल्ट्रा म्हणून कॉम्रेड्स निवडणं म्हणजे गाडी शिकायला थेट कन्नड घाट गाठण्यासारखं आहे.

लडाखच्या खारदुंगला चॅलेंजचं गणित वेगळं. ७२ किलोमीटर, सप्टेंबरमध्ये. ट्रेनिंग जून ते ऑगस्ट, म्हणजे आपल्या पावसाळ्यात, हवा झकास. पण खिंड सतरा हजार फुटांच्या वर! समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे मीटरवर राहणाऱ्या जळगावकराला तिथे श्वासच पुरत नाही. लेहला बरेच दिवस आधी जाऊन राहायचं, शरीराला सवय लावायची. तेवढी रजा बॉस देईल? तिकिटाआधी हे विचारून घ्या.

आता हिवाळा. राज्यातल्या नीचांकी तापमानाच्या बातमीत धुळ्याचं नाव वरचेवर असतं, तिथल्या कृषी महाविद्यालयातला आकडा सात-आठ अंशांखालीही जातो. एरवी आपण शेकोटीजवळ बसून या थंडीला नावं ठेवतो. पळणाऱ्यासाठी मात्र हे सोनं आहे! फेब्रुवारीच्या सुमारास लोणावळ्याला होणारी टाटा अल्ट्रा (३५ आणि ५० किलोमीटर) धरली, तर जोरदार ट्रेनिंगचे आठवडे डिसेंबर-जानेवारीत येतात. माझं मत विचाराल तर खान्देशातल्या पहिलटकरासाठी यापेक्षा सोयीचा मुहूर्त नाही. रस्ता आहे, घाटाचे चढउतार आहेत, पण रात्रभर जंगलात चाचपडायचं नाही.

आणि ज्याला अंतराचीच भीती वाटते त्याने वेळेची रेस करावी. स्टेडियमच्या ट्रॅकवर १२ किंवा २४ तास गोल फिरायचं. मुंबईत १५ ऑगस्टला पहाटे पाच ते संध्याकाळी पाच चालत आलेली 'मुंबई अल्ट्रा' याच जातीची. दमलात, बसा. पाय गेले, घरी जा. जेवढं झालं तेवढं तुमचं. ग्लॅमर कमी आहे, मान्य. पण आठव्या तासाला आपल्या पोटाचं आणि डोक्याचं काय होतं, हे कळायला याहून सुरक्षित जागा नाही.

लळिंग आहे ना!

ट्रेलची निवड करताना किलोमीटर विसरा, तास मोजा. पुण्याजवळची एसआरटी अल्ट्रा सिंहगड, राजगड आणि तोरणा हे तीन किल्ले जोडते. पन्नासेक किलोमीटर, डिसेंबरच्या आसपास. रस्त्यावर पन्नास सहा तासांत मारणारा इथे दहा-अकरा तासही घेऊ शकतो. चढ दम काढतात, पण खरी वाट लावतात ते उतार. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेक मारत असतात. सवय नसेल तर तिसाव्या किलोमीटरला मांड्या दगड होतात.

"पण आमच्याकडे डोंगर कुठेय?" असं जळगावकर म्हणतात. धुळेकरांना तर हे बोलायची सोयच नाही. गावाबाहेर मुंबई-आग्रा महामार्गालगत लळिंगचा किल्ला उभा आहे. एका सकाळी तीन-चार वेळा चढा-उतरा, दोन महिने दर रविवारी. तोरण्याची निम्मी तयारी तिथेच होईल. जळगावकरांसाठी शिरसोली रोडची चढण आणि रेल्वेवरचे उड्डाणपूल आहेत. बोअरिंग आहे, पण चालतं! महिन्यातून एकदा गाडी काढून चाळीसगावजवळ पाटणादेवी गाठा. तिथून पितळखोऱ्याकडे चढणारी वाट म्हणजे अस्सल ट्रेल. मात्र ते गौताळा अभयारण्य आहे. वनखात्याची परवानगी घ्या, एकटे जाऊ नका आणि अंधारात तर मुळीच नको, बिबट्याचा इलाखा आहे. १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात असलेलं आणि आता नंदुरबारमध्ये गेलेलं तोरणमाळही आहे. हजार मीटरहून उंच पठार, वर तलाव, आणि चढायला वळणावळणाचा लांबलचक घाट.

पावसाळ्यात शेतरस्ते टाळा. काळी माती बुटाला चिकटली की प्रत्येक पायाला अर्धा किलो वजन बांधल्यासारखं होतं आणि घोटा मुरगळतो. आणि महामार्गावर पळत असाल तर समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने, अंगावर चमकणारं जॅकेट घालून. केळीच्या ट्रकवाल्यांना रात्रभर झोप नसते.

आपल्या अल्ट्रावाल्या मावश्या

एक गोष्ट मात्र कुठल्याच ट्रेनिंग अॅपमध्ये सापडणार नाही. चैत्र पौर्णिमेला वणीच्या सप्तशृंगी गडावर जाणारे पायी यात्रेकरू बघितलेत? धुळे, जळगाव, नंदुरबारहून झेंडे घेऊन निघालेली हजारो माणसं. शंभराहून जास्त किलोमीटर, ऐन एप्रिलमध्ये! पायात साधी चप्पल, डोक्यावर उपरणं किंवा पदर. त्यात साठीच्या मावश्या असतात, शाळा सोडलेली पोरं असतात. ना जीपीएस घड्याळ, ना जेल.

पोहोचतात कसे? संध्याकाळी, रात्री आणि पहाटे चालायचं. अकरा वाजले की झाडाखाली नाहीतर मंडपात आडवं व्हायचं. वाटेत मिळेल तिथे ताक, लिंबू सरबत, मीठ लावलेली काकडी. फोड आला की थांबायचं. कुणी मागे पडलं तर टोळी थांबते. स्पोर्ट्स सायन्सच्या भाषेत याला हीट मॅनेजमेंट, सोडियम आणि क्रू सपोर्ट म्हणतात आणि त्याचे पैसे घेतात! मुक्ताईनगरहून पंढरपूरला निघणारी मुक्ताईची पालखी तर महिनाभर चालते.

यातून उचलायची पहिली गोष्ट म्हणजे चालण्याची लाज सोडणं. अनुभवी अल्ट्रा रनर पहिल्या तासापासूनच मध्येमध्ये चालतात आणि चढ तर ठरवून चालतात. दमल्यावर चालणं आणि दमू नये म्हणून चालणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

दुसरी गोष्ट, सलग दोन दिवस पाय वापरणं. शनिवारी २५-३०, रविवारी त्याच दुखऱ्या पायांनी २०. एकाच दिवशी ५० मारण्यापेक्षा हे बरं, कारण सोमवारी ऑफिस आहे. आठवड्याचं मायलेज एकदम उडी मारून वाढवू नका, दर चौथ्या आठवड्याला कमी करा आणि रेसआधी दोन-तीन आठवडे हात आखडता घ्या. पुण्याच्या आशिष कासोदेकरांनी २०२१-२२ च्या हिवाळ्यात ६० दिवस रोज एक फुल मॅरेथॉन मारली. पण त्याआधी २०१९ मध्ये त्यांनी लडाखची ५५५ किलोमीटरची 'ला अल्ट्रा' पूर्ण केलेली होती. ते रातोरात घडलेलं प्रकरण नव्हतं.

शेवभाजी नंतर!

पोट हा अल्ट्रातला सगळ्यात नाजूक अवयव. दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट लागतं. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतं. २०१६ मध्ये जीआय टॅग मिळवलेलं जळगावचं केळं हाताशी असताना दीडशे रुपयांचं जेल कशाला? उकडलेला बटाटा मीठ लावून, राजगिऱ्याचा लाडू, खजूर, चिक्की, दशमीचा तुकडा, सगळं चालतं. अट एकच, जे रेसमध्ये खाणार ते लाँग रनला पळता पळता खाऊन बघितलेलं हवं. आदल्या रात्री मात्र शेवभाजीकडे बघायचंसुद्धा नाही. आठव्या किलोमीटरला ती आठवण करून देते.

आपल्या कोरड्या हवेत घाम निघतो आणि लगेच उडून जातो, त्यामुळे किती गेला हे कळतच नाही. टी-शर्टवरचे पांढरे डाग बघा आणि पळण्याआधी-नंतर वजन करा. वजन खूप घटलं तर पाणी कमी पडतंय. पण वाढलं, तर गडबड त्याहून मोठी! नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकं दुखतं, उलट्या होतात, माणूस भरकटतो, जीवही जाऊ शकतो. १९८५ मध्ये डॉक्टर टिम नोक्स यांनी हा धोका पहिल्यांदा मांडला, तो कॉम्रेड्ससारख्या शर्यतींतल्या धावपटूंवरूनच. तहानेप्रमाणे प्या आणि सोबत ओआरएस ठेवा.

आणखी एक. खिशातली पेनकिलर घरी ठेवून जा. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ८० किलोमीटर पळणाऱ्यांपैकी काहींना आयब्युप्रोफेन दिलं, काहींना खोटी गोळी. किडनीवर ताण आल्याची लक्षणं गोळीवाल्यांत ५२ टक्के जणांत दिसली, खोट्या गोळीवाल्यांत ३४ टक्के. रेसनंतर लघवी चहाच्या रंगाची झाली तर सेल्फी बाजूला ठेवून थेट हॉस्पिटल गाठा.

उन्हात पळताना सोबती असंबद्ध बोलायला लागला, तोल गेला, तर तो 'थकलाय' असं समजू नका. उष्माघात असू शकतो. अॅम्ब्युलन्स बोलवा, पण ती येईपर्यंत वाट बघत बसू नका. सावलीत घ्या, मिळेल तेवढं गार पाणी अंगावर ओता, बर्फ मिळाला तर काखेत आणि मानेवर लावा. तिथली दहा मिनिटं फार मोलाची असतात. आणि ट्रेलवर उलटा धोकाही असतो. २२ मे २०२१ ला चीनच्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरच्या शर्यतीत अचानक गारा, पाऊस आणि बोचरं वारं सुटलं. २१ धावपटू गारठून गेले. अनेकांच्या अंगावर हाफ पँट आणि पातळ टी-शर्टच होता. म्हणून रेसच्या नियमात विंडचीटर, हेडलँप, शिट्टी आणि थर्मल ब्लँकेट लिहिलेलं असलं की 'एवढं ओझं कशाला' म्हणू नका. ज्या आयोजकाच्या यादीत हे काहीच नाही आणि डॉक्टर कुठल्या टप्प्यावर असतील याचं उत्तरही नाही, त्याचं मेडल कितीही चकाचक असो, पैसे भरू नका.

पस्तिशी ओलांडली असेल किंवा घरात कुणाला हार्टचा त्रास असेल तर तपासणी आधी. नखं चार दिवस आधी कापा, जांघेत आणि काखेत व्हॅसलीन चोपडा, नवे बूट रेसला पहिल्यांदा घालू नका. घरच्यांना परतीची वेळ सांगताना दोन तास जास्तीचेच सांगा, नाहीतर आईचा फोन चाळीसाव्या किलोमीटरला येतो.

आणि हो, सोमवारची रजा आत्ताच टाकून ठेवा. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर असेल तर मंगळवारचीही. चढता येतं हो, पण संध्याकाळी जिना उलट्या तोंडाने उतरावा लागतो.