वरचा टीव्ही, खालचा टीव्ही

अर्धा मीटर रुंद आणि जवळपास दहा मीटर लांब असा एक बोळ डोळ्यांसमोर आणा. पलीकडच्या टोकाला एकावर एक ठेवलेले दोन टीव्ही. दोन्हींवर हाच बोळ, रिकामा. तुम्ही आत शिरता, चार पावलं टाकता, आणि वरच्या टीव्हीत कोणीतरी चालताना दिसतं. ते कोणीतरी म्हणजे तुम्हीच, पण पाठमोरे! जवळ जाऊन नीट बघावं म्हटलं, तर प्रत्येक पावलागणिक तुम्ही लहान होत जाता.

अमेरिकन कलावंत ब्रूस नाउमन याची ही १९७० ची कलाकृती, 'लाइव्ह-टेप्ड व्हिडिओ कॉरिडॉर'. जादू काही नाही, शाळेतली भूमिती आहे. कॅमेरा तुमच्या मागे, प्रवेशापाशी उंचावर बसवलाय. म्हणजे टीव्हीकडे जाणं हेच कॅमेऱ्यापासून लांब जाणं. अंतर तिप्पट झालं की पडद्यावरची उंची साधारण एक तृतीयांश. चेहरा दाखवायचा तर मागे वळावं लागतं, आणि वळलात की टीव्ही पाठीमागे. स्वतःचा चेहरा बघायची सोय त्याने ठेवलेलीच नाही.

मला मात्र खालचा टीव्ही जास्त आवडतो. त्यावर रिकाम्या बोळाचं आधीच टेप केलेलं चित्रण चालू असतं. वर तुम्ही आहात, खाली नाही. आता वरच्या चित्रातून खालचं चित्र पिक्सेलनुसार वजा करा. काय उरेल? फक्त तुम्ही. याला बॅकग्राउंड सबट्रॅक्शन म्हणतात. जागचा न हलणाऱ्या कॅमेऱ्याच्या चित्रातून माणूस वेगळा काढायची ही अगदी साधी रीत. (नाउमनच्या डोक्यात हे होतं, असं मी म्हणत नाहीये.)

कॅनडाच्या डेव्हिड रोकबीने २००२ मध्ये 'टेकन'मध्ये हे काम खरोखरच कॉम्प्युटरला दिलं. यंत्रणा दालनातल्या प्रेक्षकांना पार्श्वभूमीतून सोडवते, त्यांची डोकी हुडकते आणि त्यांना विशेषणं चिकटवते: 'बेसावध', 'सामील', 'भुकेला'. डोकं कुठे आहे, इथवर गणित ठीक. पण भूक त्या पिक्सेलांत कुठेच नाही. तरी पडद्यावर दोन्ही गोष्टी सारख्याच खात्रीने येतात, आणि मधला सांधा बघणाऱ्याला दिसत नाही. माझ्या पीएचडीच्या विषयात हा सांधा रोज आडवा येतो: 'संशयास्पद हालचाल' हे लेबल यादीत कोणीतरी माणसानेच घातलेलं असतं.

जाता जाता एक गंमत. बरीच मॉडेल्स पार्श्वभूमी सतत अपडेट करत राहतात. त्यामुळे बराच वेळ अजिबात न हललेला माणूस हळूहळू भिंतीत जमा होतो, आणि कॅमेऱ्यासमोर उभा असूनही यंत्रणेच्या हिशेबातून जातो.