वाढदिवसाची क्वार्टर

शनिवारवाडा पाहायला जगभरातून माणसे येतात. पण त्याच शनिवार पेठेतल्या जुन्या वाड्यांच्या खोल्यांतून कोण राहते, हे पाहायला कोणी येत नाही. एका खोलीत चार-पाच कॉट, भिंतीला चिकटवलेले वेळापत्रक, दोरीवर वाळणारे कपडे आणि कोपऱ्यात मेसचा डबा. अप्पा बळवंत चौकातली पुस्तकांची दुकाने हाकेच्या अंतरावर, फर्ग्युसन आणि एस. पी. कॉलेजही पायी जाण्यासारखी. आपल्या वस्त्यांतली, आपल्या गावांतली कितीतरी मुले अशा खोल्यांतून शिकतात, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतात. गावाकडे बाप हमाली करतो, आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते आणि दर महिन्याला पैसे पुण्याला येतात.

आता समजा, अशाच एका खोलीत कोणाचा तरी वाढदिवस आहे. केक येतो, त्याच्यासोबत बाटल्याही येतात. एक मुलगा कधीच न पिणारा. मित्र चिडवतात, "अजून आईला विचारतोस काय रे?" तो चिडून एक क्वार्टर अर्ध्या तासात संपवतो. कोणाला इजा करायची नाही, आईबापाला फसवायचे नाही, व्यसन तर मुळीच लावून घ्यायचे नाही. फक्त एक रात्र मजा करायची आहे. मग तो ओकतो, बडबडतो आणि आडवा होतो. हाक मारली तरी ओ देत नाही.

खरी परीक्षा इथे असते, आणि ती शुद्धीवर असलेल्या तिघांची असते. डॉक्टर बोलवावा तर मालकाला कळेल, मालक उद्या खोली खाली करायला लावील. घरी फोन करावा तर काय सांगावे? पोलिसांचे लफडे झाले तर? म्हणून ते ठरवतात की झोपू द्या, सकाळी उतरेल. त्याला पाठीवर उताणा झोपवतात आणि दिवा घालवतात.

दारूचे विष जीव घेते ते पुष्कळदा या "झोपू द्या" मधून. पिणे थांबले तरी पोटातली दारू रक्तात जातच असते. माणूस झोपल्यावरही नशा चढत जाते. उताण्या माणसाला उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाऊन तो गुदमरतो. म्हणून त्याला कुशीवर वळवावे, एकटे सोडू नये. हलवूनही जाग येत नसेल, श्वास फार संथ किंवा थांबून थांबून चालत असेल, अंग गार पडून ओठ निळसर दिसत असतील तर एक क्षणही न दवडता १०८ वर फोन करावा. लिंबूपाणी, कॉफी यांनी रक्तातली दारू कमी होत नाही. डोक्यावर गार पाणी ओतल्याने अंग आणखीच गार पडते. खोली गेली तर दुसरी मिळते.

हिशेब कोणी सांगत नाही म्हणून इथे सांगतो. १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. जागतिक आरोग्य संघटना एका बैठकीतल्या ६० ग्रॅमलाच धोकादायक अतिमद्यपान म्हणते. म्हणजे "फक्त एक क्वार्टर" हे फक्त नव्हे. यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅमच मद्यार्क जाळू शकते. रात्री अकराला प्यायलेली क्वार्टर पहाटे पाचलाही पुरती उतरलेली नसते आणि तोच मुलगा सकाळी मित्राची गाडी काढून क्लासला निघतो.

रस्त्यावर पोलीस नळी फुंकायला लावतात. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळला की मोटार वाहन कायद्याचे कलम १८५ लागते. पहिल्या गुन्ह्याला दहा हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही. दहा हजार म्हणजे आईच्या खुरपणीचे किती दिवस, ते आपणच मोजा. पण दंड भरून प्रकरण मिटत नाही. सरकारी नोकरीच्या वेळी चारित्र्य पडताळणीच्या अर्जात अटक, खटला, शिक्षा यांची माहिती मागतात. ती दडवली तर दडवणे हाच वेगळा दोष ठरतो. चार वर्षे अभ्यास करून यादीत आलेल्या मुलाला त्या एका रात्रीचे उत्तर द्यावे लागते.

१९ मे २०२४ च्या पहाटेची कल्याणीनगरची घटना पुणेकर विसरलेले नाहीत. बारावीचा निकाल साजरा करून, दोन पबमध्ये जाऊन निघालेल्या सतरा वर्षांच्या मुलाच्या भरधाव पोर्श मोटारीखाली दोन तरुण अभियंते ठार झाले. परप्रांतातून पोटापाण्यासाठी पुण्यात आलेली ती दोघे, त्यांनी कोणाचे काय बिघडवले होते? मुलाला त्याच दिवशी जामीन मिळाला आणि अपघातावर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घालण्यात आली. देशभर संताप उसळला. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयाचे दोन डॉक्टर पकडले गेले. त्या प्रकरणातून मुलाचे वडील, आई आणि आजोबा अशी तिघांनाही अटक झाली.

आपल्या मुलाला कोणी निबंधावर सोडील काय? आपण हे मनात विचारतोच, आणि विचारणे चूकही नाही. पण पैसा, वकील, ओळखी सारे असलेल्या घराचीही ही गत झाली, तर ज्या घरात वकिलाची फी द्यायला मंगळसूत्र मोडावे लागेल त्या घराचे काय, हेही विचारावे.

तथागतांनी राजगृहाजवळ सिगाल नावाच्या तरुणाला मद्याचे सहा तोटे सांगितले होते. धनहानी, भांडणे, रोग, दुष्कीर्ती, लाज सुटणे आणि बुद्धी दुबळी होणे. सहांत रोग फक्त एकच आहे. बाकीचे पाच घराशी, चारचौघांशी आणि डोक्याशी संबंधित आहेत. पंचशीलाचे पाचवे शील आपण विहारात रोज म्हणतो, पण त्यातल्या "प्रमाद" या शब्दाचा अर्थ मुलांना समजावून सांगतो का? प्रमाद म्हणजे बेसावधपणा, गाफीलपणा. त्या खोलीत दिवा घालवणारी तिन्ही मुले प्यायलेली नसतीलही, पण गाफील होती.

एकदा प्याला म्हणून मुलगा बिघडला असे नव्हे. परंतु शनिवार-रविवारची सवय रोजची झाली, पैसे पुरेनासे झाले, परीक्षा बुडू लागल्या तर मारझोड आणि शपथा यांचा उपयोग होत नाही. हा आजार आहे, त्याला उपचार आहेत. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने सुरू केलेले मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र येरवड्याच्या बाजूला आजही चालू आहे. केंद्र सरकारची १४४४६ ही मोफत हेल्पलाइनही आहे. फोन आईनेही करावा; मुलाची संमती येईपर्यंत थांबण्याची गरज नाही.

या आठवड्यात पुण्याच्या खोलीवर फोन कराल तेव्हा अभ्यासाबरोबर एवढेच सांगा, "बाळा, तुझ्या किंवा मित्राच्या जिवावर बेतले तर रात्री दोन वाजताही फोन कर. आधी दवाखाना, बोलणी नंतर खा." आणि १०८ हा आकडा त्याला वेळापत्रकाशेजारी भिंतीवर लिहायला सांगा.