शार्क मोजायचे कसे?

शार्कच्या मोहिमेवर जायचंय? मग आधी सांगा, एकच मासा दोनदा दिसला तर तुम्ही तो ओळखाल का? नाही ओळखलात, तर गणना फुगणार आणि ‘शार्क भरपूर आहेत’ म्हणून संरक्षण ढिलं पडणार.

ऑस्ट्रेलियाच्या निंगालू रीफवरचे व्हेल शार्क बघा. त्यांच्या अंगावरच्या पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी बोटांच्या ठशांसारखी, प्रत्येकाची वेगळी. २००५ मध्ये संशोधकांनी ती जुळवायला चक्क ताऱ्यांच्या याद्या जुळवणारा अल्गोरिदम वापरला! तीन-तीन ठिपक्यांचे त्रिकोण करायचे आणि दोन फोटोंतले त्रिकोण ताडून पाहायचे.

पण डावी-उजवी बाजू सारखी नसते. तुम्ही डावीचा, मी उजवीचा फोटो काढला, तर एकाच माशाचे दोन होतील. म्हणून कल्ल्यांच्या फटींमागची डावी बाजू टिपायची, तीही सरळ समोरून; तिरक्या फोटोत त्रिकोण बिघडतात. आणि अंगापासून किमान ३ मीटर, शेपटीपासून ४ मीटर लांब राहायचं.

ओळखलेल्यांपैकी किती पुन्हा भेटतात, यावरून एकूण संख्येचा अंदाज बांधतात. तेव्हा निघण्याआधी दोन गोष्टींचा सराव करा: पाण्यात स्थिर राहणं आणि ‘मार्क-रिकॅप्चर’ची आकडेमोड.