कायदा आणि प्राध्यापकाची नोकरी
अनुदानित महाविद्यालयातील प्राध्यापकाचे वेतन सरकारी खजिन्यातून येते, परंतु त्याला बडतर्फ करण्याचा अधिकार संस्थाचालकांच्या हाती असतो. या दुहेरी अंमलात त्याची परवड होऊ नये म्हणून, १९९४ च्या कायद्याची जागा घेऊन १ मार्च २०१७ पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाने, पूर्वीप्रमाणेच, बडतर्फी अथवा पदावनतीविरुद्ध न्यायाधिकरणाकडे ३० दिवसांत दाद मागण्याचा हक्क त्याला दिला आहे. न्यायाधिकरण त्यास पुन्हा रुजू करून घेण्याचा हुकूम फर्मावू शकते, आणि माझ्या मते कायद्याचे मर्म येथेच आहे. तासिका तत्त्वावरील अध्यापकाची नेमणूक मात्र मुदत सरताच आपोआप विरते. त्याच्या हाती बडतर्फीचा आदेशच पडत नाही, मग अपिलाचा प्रश्न बहुधा उद्भवतच नाही.