काळा धूर आणि बंद शटर

तुळजापूर, नळदुर्ग, उमरगा या रस्त्यावरच्या गॅरेजांत अजूनही एखादी जुनी पेट्रोल व्हॅन येते. मागच्या सीट काढलेल्या, आत भाजीचे क्रेट. तक्रार ठरलेली: गाडी मिसिंग मारते, सिग्नलला बंद पडते, पेट्रोल जास्त खाते, मागून काळा धूर सोडते. (डिझेल पिकअपला कार्बोरेटर नसतोच, तिच्या काळ्या धुराची कारणं वेगळी.)

जाणता मिस्त्री आधी विचारतो, त्रास थंड असताना की गरम झाल्यावर? मग प्लग काढून बघतो, डॉक्टर जीभ बघतात तसा. फिकट तपकिरी असेल तर ठीक. पांढुरका असेल तर पेट्रोल कमी पडतंय. कोरडी काजळी दिसली तर पेट्रोल जास्त, हवा कमी. पेट्रोल पूर्ण जळायला त्याच्या वजनाच्या सुमारे १४.७ पट हवा लागते. चोक अडकला, फ्लोटची सुई झिजली किंवा नुसता एअर फिल्टर चोंदला, तरी हे गणित बिघडतं.

नंतरच्या गाड्यांत हे गणित सेन्सर आणि छोटा संगणक सांभाळतो. इंजिनाचं तापमान सांगणारा सेन्सर बिघडला, तर गरम इंजिनही थंडच आहे असं समजून संगणक जादा पेट्रोल सोडत राहतो. स्कॅनरवर कोड दिसला की तो पार्ट बदलायची घाई होते. पेशंटला न तपासता रिपोर्टवर औषध देण्यातलाच हा प्रकार. वायर सैल असते, कनेक्टर गंजलेला असतो, आणि खर्च मात्र नव्या सेन्सरचा होतो.

हे सगळं तपासताना इंजिन सुरू ठेवावं लागतं. पावसात किंवा थंडीत शटर अर्धं ओढलेलं असतं. कमी हवेत जळालेल्या पेट्रोलमधून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर दिसेनासा झाला म्हणजे तो गेला असंही नाही. बीएस-२ पूर्वीच्या पेट्रोल चारचाकीला पीयूसीत या वायूची मर्यादा ३ टक्के आहे. म्हणजे दहा लाख भागांत ३० हजार भाग. श्वासाच्या हवेत १२०० भाग झाले तरी ते जिवाला तत्काळ धोक्याचे मानले जातात. पीयूसी पास झालेली गाडीसुद्धा बंद खोलीत माणूस मारू शकते, ती यामुळे.

हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. सुरुवातीला डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं. पित्त झालं असेल म्हणून गोळी घेतली जाते आणि काम चालू राहतं. पुढे गोंधळ उडतो, पाय लटपटतात, आणि बाहेर पडायचं भानच राहत नाही. शेजारी काम करणाऱ्या पोऱ्याचंही डोकं दुखत असेल, तर शंका पक्की धरावी.

अशा वेळी माणसाला आधी मोकळ्या हवेत आणावं, इंजिन बंद करावं, १०८ ला फोन करावा. आत शिरणाऱ्याने आधी शटर पूर्ण उघडावं. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नये. त्याला या वायूने भरलेलं रक्त आणि ऑक्सिजनने भरलेलं रक्त यांतला फरक कळत नाही, तो ९८ दाखवू शकतो. दवाखान्यात पोचल्यावर ‘गॅरेजमध्ये इंजिन सुरू होतं’ एवढं वाक्य जरूर सांगावं. साध्या हवेत हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला, तर साधारण तास-दीड तास.